खुले पत्र: ईसी मोटर दिलीत, आता तिचा वेगही मोकळा करा

प्रति,
वातानुकूलन युनिट बनवणाऱ्या कंपन्यांचे अभियंते आणि विक्री विभाग यांस,

स. न. वि. वि.

व्यावसायिक इमारतींमधल्या थंड-गरम हवेच्या यंत्रणा सांभाळणं हे माझं रोजचं काम. तुमची एएचयू (डक्टमधून हवा पुरवणारी मोठी युनिटं), फॅन कॉइल (खोलीतली लहान युनिटं), रूफटॉप युनिट आणि कंडेन्सर (उष्णता बाहेर टाकणारी युनिटं) कारखान्याच्या फाटकाबाहेर पडली की तुमच्या लेखी विषय संपतो. आमचा तिथून सुरू होतो आणि पुढची पंधरा-वीस वर्षं संपत नाही.

अलीकडे तुमच्या माहितीपत्रकांच्या पहिल्याच पानावर ईसी (इलेक्ट्रॉनिकली कम्युटेटेड) मोटर असते. असायलाच हवी. रोटरवर, म्हणजे फिरणाऱ्या भागावर, कायमचं चुंबक, रोटर कुठे आहे ते ओळखून वाइंडिंगला वीज देणारं इलेक्ट्रॉनिक सर्किट मोटरच्या पाठीवरच बसवलेलं, ब्रश नाहीत, घसरणीचा (रोटर फिरत्या चुंबकीय क्षेत्राच्या मागे पडण्याचा) तोटा नाही. मोटर चांगलीच आहे, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती तुम्ही ती ज्या अवस्थेत पाठवता त्याबद्दल. कमी वेगावर चालण्यासाठी जन्माला आलेली ही मोटर तुम्ही पूर्ण वेगावर बांधून देता, आणि पुढे ती आयुष्यभर तशीच पळत राहते.

झाकण उघडल्यावर काय दिसतं ते सांगतो. पंख्याच्या टर्मिनल पट्टीवर नियंत्रणाची तीन टर्मिनल असतात. एकावर मोटर स्वतःच १० व्होल्ट बाहेर देते. दुसरं वेगाचा सिग्नल घेतं, ० ते १० व्होल्ट. तिसरं कॉमन. पहिल्या दोघांत बोटभर वायरचा तुकडा जोडलेला असतो. म्हणजे मोटर आपल्याच १० व्होल्टवर स्वतःला 'पूर्ण वेग' असा हुकूम देत बसते. बाहेरून सिग्नलची वायर आलेली नसते. मॅन्युअल उघडलं तर वायरिंगचा आराखडा तेवढा एकच, त्या तुकड्यासकट (त्याला जम्पर म्हणतात). बसवणाऱ्याला त्या दिवशी हवा सुटलेली दाखवून सही घ्यायची असते, त्यामुळे तो त्या तुकड्याला हात लावत नाही. वर्षभराने आम्ही लावायला जातो तर वॉरंटीचं कलम पुढे केलं जातं: नियंत्रणाच्या जोडणीत फेरफार चालणार नाही.

या तुकड्याची किंमत काय, ते आकड्यांत मांडतो. हे गणित तुम्हाला पाठ आहे, पण माहितीपत्रकात तुम्ही ते अर्धंच छापता. समजा पंख्याच्या दांड्यावर १०० वॅट लागतात. कपॅसिटरवाली जुनी सिंगल फेज मोटर ५० टक्के कार्यक्षमतेची धरली तर ती २०० वॅट घेईल. ईसी मोटर ८० टक्क्यांची धरली तर १२५. वाचले ७५ वॅट. पंखा बारा महिने चोवीस तास चालत असेल तर वर्षाचे ८,७६० तास, म्हणजे एका पंख्यामागे ६५७ किलोवॅट-तास. माहितीपत्रक इथे थांबतं.

आता तोच पंखा ७० टक्के वेगावर आणा. हवा वेगाच्या प्रमाणात घटते, दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात आणि लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात. ०.७ चा घन ०.३४३, म्हणजे दांड्यावर ३४ वॅट पुरे. कमी भारावर मोटरची कार्यक्षमता जरा उतरून ७५ टक्के झाली तरी वीज लागेल ४६ वॅट. जुन्या मोटरच्या जागी नवी आणून २०० चे १२५ झाले होते. नुसता वेग उतरवून १२५ चे ४६ झाले, आणि त्यासाठी काही विकत घ्यावं लागलं नाही. वर्षातले किती तास इमारतीला खरोखर पूर्ण हवा लागते? युनिटची निवडच मुळी वर्षातल्या सर्वांत वाईट दिवसासाठी होते, त्यावर सल्लागार थोडं वाढवतो, कंत्राटदार आणखी थोडं. बाकीच्या दिवसांत त्या हवेला काम नसतं. कागद उडतात, माणसं जाळीवर पुठ्ठा चिकटवतात.

पुठ्ठा चिकटवण्यामागे आवाजही असतो बरं का. पंख्याचा वेग निम्मा केला की आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो. निदान या एका कारणासाठी तरी लोकांनी आमचं ऐकलेलं आहे. विजेच्या आकड्यांनी ज्यांचं मन वळत नाही त्यांचं शांत खोलीने वळतं.

जुन्या तीन वेगांच्या स्विचशी याची तुलना करू नका. हे सांगावं लागतं, कारण तुमचे विक्री प्रतिनिधी ती करतात. 'आमच्या साध्या मॉडेललाही लो, मीडियम, हाय आहेच की!' आहे. पण तिथे वेग कमी होतो तो चुंबकीय क्षेत्र दुबळं करून, मोटर घसरायला लावून. इंडक्शन मोटर (जुनी कपॅसिटरवाली याच जातीची) समकालिक वेगाच्या, म्हणजे फिरत्या चुंबकीय क्षेत्राच्या वेगाच्या, निम्म्यावर आली की रोटरकडे जाणाऱ्या शक्तीतली किमान निम्मी रोटरच्या सळयांत जळते. घनाच्या नियमाने जे वाचायला हवं त्यातला मोठा हिस्सा अशा रीतीने उष्णतेत जातो. ईसी मोटरला ही घसरण नाही, म्हणून कमी वेगावर तिच्यातला आणि जुन्या मोटरमधला फरक आणखी रुंदावतो. तीच मोटर कायम 'हाय'वर ठेवायची म्हणजे तिचा सगळ्यात मोठा गुणच झाकून ठेवायचा.

थंडाव्याच्या काळात आणखी एक फायदा मिळतो. मोटर हवेच्या प्रवाहात बसलेली असेल तर ती घेते तो प्रत्येक वॅट शेवटी त्याच हवेत उष्णता होऊन मिसळतो आणि कॉम्प्रेसरला तो पुन्हा बाहेर काढावा लागतो. यंत्रणा एका वॅटमागे तीन वॅट उष्णता बाहेर टाकत असेल तर पंख्यावर वाचलेल्या ७५ वॅटमागे कॉम्प्रेसरचे आणखी २५ वाचतात. गरम हवेच्या काळात हे गणित उलटं फिरतं, तेही छापा. पंख्याची उष्णता कमी झाली की तेवढी भर हीटरला घालावी लागते. विजेच्या साध्या हीटरवर चालणाऱ्या युनिटमध्ये त्या महिन्यांत मोटरच्या कार्यक्षमतेचा फायदा जवळजवळ शून्यावर येतो. हीट पंप (बाहेरची उष्णता आत आणणारं यंत्र) असेल तर काही अंशी टिकतो. वर्षभराच्या बचतीचा आकडा देताना तुम्ही हे वगळता आणि मग ग्राहक आम्हाला विचारतो की ठरलेली बचत दिसत का नाही.

हे झालं लहान मोटरांचं. शेडेड पोल मोटरबद्दल वेगळं बोलायला नको. पोलच्या कोपऱ्यावर तांब्याची कडी घालून कशीबशी फिरणारी ही मोटर घेतलेल्या विजेतली तीन चतुर्थांश उष्णतेतच घालवते, आणि थंड शोकेसच्या बाष्पीभवन कॉइलवर बसून ती उष्णता नेमकी जिथे नको तिथे सोडते. ती अजून तुमच्या यादीत आहे, 'किफायतशीर पर्याय' म्हणून. काढून टाका.

मोठ्या थ्री फेज मोटरची गोष्ट मात्र निराळी, आणि इथे तुमची जाहिरात मला खटकते. आंतरराष्ट्रीय मानकानुसार ५० हर्ट्झच्या चार पोलच्या ०.७५ किलोवॅट मोटरला आयई१ या सर्वांत खालच्या वर्गात ७२.१ टक्के कार्यक्षमता लागते आणि वरच्या आयई४ वर्गात ८५.७. फरक भरघोस आहे. हीच तुलना १५ किलोवॅटला केली तर ८८.७ आणि ९३.९. पाच टक्क्यांचा फरक. तो टाकाऊ आहे असं नाही, पण एएचयूच्या मोठ्या मोटरवर 'प्रीमियम कार्यक्षमता' असा बिल्ला लावून त्याच पंख्यापुढचा डॅम्पर (हवा अडवणारी झडप) निम्मा बंद ठेवायचा हा प्रकार मला कळत नाही. तिथे ड्राइव्ह (मोटरचा वेग बदलणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र) लावून वेग दहा टक्क्यांनी उतरवला की ०.९ चा घन ०.७२९. वर्ग बदलून जेवढं मिळतं त्याच्या कितीतरी पट तिथे मिळतं.

एक गंमत सांगतो, जी तुमच्या विक्री विभागाच्या कानावर बहुधा गेलेलीच नाही. जास्त कार्यक्षम इंडक्शन मोटर कमी घसरते, म्हणजे थोडी जास्त वेगाने फिरते. जुनी मिनिटाला १,४४० फेऱ्यांची होती, नवी १,४७० ची आली. पुली तीच, पट्टा तोच. वेग दोन टक्के वाढला, घनाच्या नियमाने पंख्याची भूक सहा टक्क्यांहून जास्त वाढली. पाच टक्के कमावले, सहा टक्के गमावले आणि कोणाला न लागणारी हवा फुकट वाढली. बदली मोटर पाठवताना खोक्यात पुलीच्या मापाबद्दल चार ओळींचा कागद टाकलात तर हे टळतं. पट्ट्याचं तर विचारूच नका. एएचयूच्या तळाशी काळी भुकटी साचलेली दिसली की समजावं, पट्टा घसरतोय आणि मोटरने कमावलेलं पुलीवर झिजतंय. थेट जोडलेले, मागे वळलेल्या पात्यांचे पंखे तुम्ही देऊ लागलात त्याबद्दल मात्र मनापासून धन्यवाद.

कंडेन्सरवर तर सरळसरळ पैसे हवेत उडतात. दोन पंख्यांच्या कंडेन्सरमध्ये भार उतरला की तुमचा कंट्रोलर एक पंखा बंद करतो आणि दुसरा पूर्ण वेगात ठेवतो. त्याऐवजी दोन्ही निम्म्या वेगाने फिरवा. हवा तेवढीच, आणि प्रत्येकाला पूर्ण शक्तीचा आठवा हिस्सा, म्हणजे दोघांना मिळून एका पंख्याच्या पाव शक्ती. शिवाय बंद पंख्याच्या भोकातून गरम हवा उलटी आत खेचली जाते ते थांबतं, आणि मोटर दर काही मिनिटांनी चालू-बंद होऊन बेअरिंगचा जीव जातो तेही थांबतं. ईसी पंखे बसवूनही हीच चालू-बंद पद्धत ठेवलेली युनिटं मी पाहिली आहेत. नव्या घोड्याला जुनाच टांगा जुंपल्यासारखं ते दिसतं.

तुमच्या अभियंत्यांना भीती कशाची वाटते ते मला माहीत आहे आणि ती खोटी नाही. गॅस थेट कॉइलमध्ये उकळणाऱ्या युनिटमध्ये हवा फार कमी केली तर कॉइलवर बर्फ धरतो, पुढे द्रव गॅस कॉम्प्रेसरपर्यंत पोहोचतो. हीटरवर हवा कमी पडली की सळया लाल होतात, सुरक्षा स्विच उडतो. ताज्या हवेची किमान गरज असते, ती वेगळीच. म्हणून तुम्ही म्हणता, राहू दे पूर्ण वेगावर, निदान तक्रार येणार नाही. पण या भीतीचं उत्तर तुमच्याचकडे आहे. कोणत्या कॉइलला किती हवेच्या खाली जायचं नाही, कोणत्या हीटरच्या टप्प्याला किमान किती हवी, हे तुम्ही प्रयोगशाळेत मोजलेलं असतं. ते आकडे बाहेर येत नाहीत. आले तर आम्ही त्या मर्यादेच्या आत वेग ठरवू. न आले तर आमच्यातला एखादा अंदाजाने उतरवेल, बर्फ धरेल, आणि मग सगळीकडे बोललं जाईल की ईसी पंखे त्रास देतात.

ठरलेली हवा कायम राखणाऱ्या मोटरबद्दलही थोडं स्पष्ट लिहा. साध्या मोटरच्या ब्लोअरवर फिल्टर तुंबला की हवा कमी होते आणि मोटरवरचा भारही कमी होतो. (पुष्कळ जण उलटं समजतात, क्लॅम्प मीटर लावून पुठ्ठ्याने फिल्टर झाकून बघावं.) हवा कायम राखणारी मोटर मात्र तुंबलेल्या फिल्टरशी झुंजते, वेग वाढवते आणि वीजही वाढवते. अरुंद डक्ट, तुंबलेला फिल्टर आणि अशी मोटर एकत्र आली तर ती जुन्या मोटरपेक्षा जास्त वीज खाऊ शकते. ग्राहकाला खोलीत काहीच फरक जाणवत नाही, म्हणून फिल्टर बदलायची आठवणही होत नाही. मोटरला आपला वेग आणि वॅट कळत असतात. ते एका ठरावीक मर्यादेपलीकडे गेले की फिल्टरचा दिवा लागावा, एवढं सॉफ्टवेअर तुमच्याकडे नक्की आहे.

आता नेमप्लेट. तिच्यावर कमाल अँपिअर असतात, केबल आणि ब्रेकर निवडायला. तेवढं ठीक. पण त्या युनिटमध्ये, त्या कॉइल आणि फिल्टरसह, पंखा प्रत्यक्षात किती वॅट घेतो हे कुठेच नसतं. पूर्ण, पाऊण आणि निम्म्या हवेला किती वॅट, एवढे तीन आकडे छापा. आम्ही जागेवर मोजून पडताळू शकू आणि वर्षभराने फरक पडला तर कारण शोधू शकू.

मोजण्यातही एक मेख आहे. इमारतीतला माणूस क्लॅम्प मीटर लावतो आणि अँपिअर बघतो. २०० वॅटच्या जुन्या मोटरचा पॉवर फॅक्टर (व्होल्ट गुणिले अँपिअरपैकी खऱ्या वॅटचा हिस्सा) ०.९५ असेल तर ती साधारण २१० व्होल्ट-अँपिअर ओढते. १२५ वॅटची लहान ईसी मोटर, आत पॉवर फॅक्टर सुधारणारं सर्किट नसेल तर, ०.५५ च्या आसपास चालते, म्हणजे २२७. मीटरवर अँपिअर जुन्याइतकेच किंवा थोडे जास्त! ग्राहक म्हणतो, फसवलं. वॅट मीटर लावून दाखवावं लागतं. स्वस्त मीटर तर असा तुटक प्रवाह नीट वाचतच नाही, ते आणखी तिसराच आकडा देतं. आणि अशा सिंगल फेज मोटरी शेकड्याने एका इमारतीत आल्या की त्यांच्या तिसऱ्या हार्मोनिकचे (मूळच्या तिप्पट वारंवारितेचे) प्रवाह न्यूट्रलमध्ये एकमेकांना कापत नाहीत, त्यांची बेरीज होते. न्यूट्रल फेजपेक्षा जास्त तापलेली पाहिली आहे. मोठ्या संख्येने पंखे विकताना हे सल्लागाराला आधी सांगणं तुमचं काम आहे, केबल टाकून झाल्यावर सांगून उपयोग नाही.

शेवटचा आणि माझ्या मनातला सगळ्यात कडू मुद्दा दुरुस्तीचा. निकोला टेस्लाला १८८८ साली जिचं पेटंट मिळालं ती इंडक्शन मोटर जळाली तर कोणत्याही गावातला रिवाइंडिंगवाला दोन दिवसांत भरून देतो. ईसी मोटर जळत नाही, तिचं सर्किट जातं. बहुतेक वेळा कारण असतं उष्णतेने सुकलेला इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर. तापमान दहा अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य ढोबळमानाने निम्मं होतं, आणि तो तुम्ही छपरावर उन्हात तापणाऱ्या कंडेन्सरच्या मोटरमध्ये, बंद डब्यात, रेझिन ओतून गाडलेला असतो. बाहेरचा रोटर आणि पंख्याची पाती एकत्र तोललेली, म्हणून सुटी मोटर मिळत नाही. लहानसा कपॅसिटर गेला की पाती, चुंबकं, तांबं, बेअरिंग, सगळा पंखा भंगारात. चुंबकं निओडिमियमची असतील तर खाणीतून एवढ्या कष्टाने काढलेला धातूही त्याबरोबर जातो. वीज वाचवणारं यंत्र असं फेकून द्यावं लागणं मला पटत नाही. काही मोठ्या पंख्यांमध्ये सर्किटचा भाग चार स्क्रू काढून वेगळा करता येतो. म्हणजे ते जमतं. लहान पंख्यांतही जमवा, आणि सर्किट सुटा भाग म्हणून विकायला ठेवा.

मोठ्या मोटरवर बाहेरचा ड्राइव्ह लावता तेव्हा बेअरिंगमधून वाहणारा प्रवाहही लक्षात घ्या. ड्राइव्हच्या झटक्यांनी दांड्यावर व्होल्टेज चढतं, ते बेअरिंगच्या तेलाच्या पापुद्र्यातून ठिणग्या मारत उतरतं आणि वर्ष-दोन वर्षांत बेअरिंगच्या आतल्या पृष्ठभागावर पन्हाळी पत्र्यासारख्या रेघा पडतात. दांड्याला अर्थिंगची कडी किंवा इन्सुलेटेड बेअरिंग हा 'ऐच्छिक' पर्याय नसावा. खरेदी करणाऱ्याला वीजबिल भरायचं नसतं आणि बेअरिंगही बदलायचं नसतं, त्यामुळे ऐच्छिक म्हटलेलं सगळं तो कोटेशनमधून पहिल्यांदा खोडतो. जे लागतंच ते मूळ किमतीत धरा.

तर मागणी अशी आहे. वेग नियंत्रण कारखान्यातूनच जोडून पाठवा, थर्मोस्टॅटशी किंवा कंट्रोलरशी, आणि किमान हवेची मर्यादा सॉफ्टवेअरमध्ये तुम्हीच घाला. वॉरंटीतलं ते कलम बदला: मर्यादेच्या आत वेग कमी करणं म्हणजे छेडछाड नव्हे. संदेशवहनाची सोय असलेल्या पंख्यांमध्ये मॉडबसचा (यंत्रांच्या आपसातल्या संदेशवहनाच्या पद्धतीचा) रजिस्टर तक्ता, म्हणजे कोणती माहिती कोणत्या क्रमांकावर मिळते ती यादी, मॅन्युअलमध्ये पूर्ण छापा, पासवर्डमागे ठेवू नका. वेग, वॅट, आतलं तापमान आणि दोषाचे कोड एवढं तरी वाचता येऊ द्या. बदल्यात आमच्याकडेही देण्यासारखं आहे. तुमची युनिटं वर्षभरात प्रत्यक्षात किती तास किती वेगाने चालली, कोणत्या तापमानाला कोणतं सर्किट गेलं, हे आम्ही छपरावर चढून लिहून ठेवतो. तक्ता उघडा करणाऱ्या कंपनीला त्या नोंदी द्यायला माझी आणि माझ्या सहकाऱ्यांची तयारी आहे.

कळावे,

आपला,
वातानुकूलन यंत्रणांची देखभाल करणारा एक तंत्रज्ञ